पिकअप घ्यायची तर कोणती: डिझेल, सीएनजी, इलेक्ट्रिक आणि ‘हायब्रिड’ नावाचा घोळ

“आप्पा, गाडी कोनती लेऊ?”

केळीची कटाई जोरात आली की आमच्या ओट्यावर हा प्रश्न घेऊन आठवड्याला एक तरी जण येतो. तेरा वर्षं झाली, माझ्या दारात पिकअप आहे. कधी एक, कधी दोन. रावेर-यावल पट्ट्यातली केळी न्यायची, येताना खताच्या गोण्या आणायच्या, मध्येच कुणाच्या लग्नाचा मांडव. तेवढ्यावर लोकांना वाटतं याला गाड्यांतलं कळतं. यंदा प्रश्नात एक नवा शब्द घुसलाय. शेजारचा पोरगा कोटेशनचा कागद नाचवत आला, म्हणाला, “आप्पा, हायब्रिडच बुक करतोय.” कागद वाचला तर गाडी पेट्रोल-सीएनजी. दोन इंधनं म्हणजे हायब्रिड, असं त्याला कुणीतरी ठासून सांगितलं होतं. त्याला ओट्यावर बसवून जे सांगितलं, ते इथे नीट लिहून काढतो.

आधी शब्दाचा निकाल

पेट्रोल-सीएनजी गाडीला बाय-फ्युएल म्हणतात. इंजिन एकच, टाक्या दोन. एका वेळी एकच इंधन जळतं. हायब्रिडची गोष्ट वेगळी. तिच्यात इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी असते. ब्रेक दाबला की मोटर उलटी फिरून जनित्र होते आणि गाडीचा वेग, जो एरवी ब्रेक तापवण्यात वाया जातो, तो विजेच्या रूपात बॅटरीत जातो. पुन्हा उचल घेताना हीच वीज इंजिनाला हातभार लावते. सिग्नलला गाडी उभी असताना इंजिन बंद राहतं. नेहमीच्या हायब्रिडला चार्जर लावावा लागत नाही.

मग हायब्रिडची बचत येते कुठून? मुख्यतः ब्रेकमधून आणि उभं राहण्यातून. जळगावात फुले मार्केट, टॉवर चौक, नेहरू चौक असा दुकानोदुकानी माल टाकणाऱ्याला ती मिळेल. भुसावळहून भरलेली गाडी घेऊन महामार्ग ५३ वरून एका चालीत धुळं गाठणाऱ्याचा ब्रेक लागतोच किती? त्याच्यासाठी बॅटरी म्हणजे नुसतं जादा वजन.

अमेरिकेत हायब्रिड पिकअप खरोखर चालतात. फोर्डची मॅव्हरिक २०२२ च्या मॉडेलपासून हायब्रिड इंजिनासह मिळते, टोयोटाच्या टुंड्रा आणि टॅकोमाही हायब्रिडमध्ये येतात. पण मॅव्हरिकची भार वाहण्याची क्षमता साधारण १,५०० पौंड, म्हणजे ६८० किलो. आपल्याकडच्या १.७ टनी पिकअपच्या निम्मीही नाही. तिकडची ही गाडी म्हणजे मागे हौदा असलेली कार. बापाला ऑफिसला नेते आणि रविवारी कपाट आणते. आपल्याकडे हायब्रिड आहे ती ग्रँड व्हिटारा, हायरायडर अशा कारमध्ये. दीड टन केळी उचलणारी हायब्रिड पिकअप हे लिहितोय तोवर तरी आपल्या शोरूममध्ये नाही. कुठे ‘मायक्रो हायब्रिड’ असं वाचलंत तर फार हुरळू नका. गाडी उभी राहिली की इंजिन बंद आणि क्लच दाबला की चालू, एवढंच त्यात असतं.

म्हणजे आपली निवड उरते डिझेल, सीएनजी आणि इलेक्ट्रिक यांत. पण हायब्रिडवाल्यांचा एक प्रश्न आपल्याही कामाचा आहे: तुमची गाडी दिवसात किती वेळा थांबते?

शोरूमच्या आधी पंधरा दिवसांची वही

हे काम कुणी करत नाही, आणि सगळा निकाल यातच असतो. जुनी गाडी असेल तर तिची, नसेल तर ज्याची भाड्याने लावता त्याच्या गाडीची, पंधरा दिवस रोज नोंद ठेवा. शंभर पानी वही पुरते. दर खेपेला लिहायचं: निघताना आणि पोचल्यावर मीटर, माल काय आणि किती, काट्याची पावती असेल तर तिचं वजन, वाटेत थांबे किती, रस्ता कसला (शेताचा, गावचा, महामार्ग, घाट), परतीला भाडं मिळालं की रिकामी आली, रात्री गाडी कुठे उभी राहिली.

दुसऱ्या गाडीच्या वेळी मी ही वही केली. तोवर मी चारचौघांत छातीठोकपणे सांगायचो, आपली गाडी रोजची सव्वाशे किलोमीटर चालते. वहीत निघाले सरासरी ६८. सव्वाशेच्या वर गेलेले दिवस पंधरांत तीन. शिवाय चाळीस टक्के अंतर गाडी रिकामी पळत होती. हा आकडा पाहिल्यावर अॅव्हरेजची चर्चा बाजूला ठेवून आधी परतीचं भाडं शोधायला लागलो.

केळीवाल्यांनी वही एकाच हंगामावर भरू नये. मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडाला लावलेली केळी) आणि कांदेबाग (पावसाळा सरल्यावर लावलेली केळी) या दोन्हींच्या कटाईच्या दिवसांत खेपा वेगळ्या पडतात. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतली तर तेही लिहा. त्या ओळी पुढे टायर आणि ग्राउंड क्लिअरन्स ठरवतात.

वजन खरं किती, पासिंग किती

एक घड सरासरी वीस किलोचा धरला तर ७५ घड म्हणजे दीड टन. खाली पाला, वर माणसं, कधी क्रेट. हे सगळं पेलोडमध्येच, म्हणजे गाडी जेवढा भार वाहू शकते त्यातच, मोजायचं. गाडी घेताना विचारा, “पासिंग किती?”, म्हणजे आरटीओच्या कागदावर भार किती मंजूर आहे, आणि उत्तर तोंडी नको, कागदावर पाहिजे.

सीएनजीच्या गाडीत इथे एक चिमटा बसतो. सिलिंडर जड असतात आणि त्यांचं वजन तुमच्या मालातूनच वजा होतं. मारुतीच्या सुपर कॅरीत पेट्रोलला ७४० किलो आणि सीएनजीला ६२५ किलो असा फरक पडतो. खेपेला ११५ किलो, म्हणजे साधारण सहा घड. दिवसाला तीन खेपा असतील तर अठरा घड मागे राहिले. मोठ्या पिकअपला हा फटका टक्क्यांत कमी बसतो, पण बसतो. म्हणून एकाच कंपनीच्या दोन इंधनांच्या गाड्यांचे पेलोड शेजारी लिहून बघा.

आता कुणी म्हणेल, पासिंग कितीही असो, आपण भरतो तेवढं भरतो. पाट्यात, म्हणजे चाकावरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, एक पान वाढवलं की झालं. मीही वाढवलं होतं एके काळी. पाटा वाढवल्याने ब्रेक वाढत नाहीत, हे लळिंगच्या उतारावर समोर ट्रॉली आडवी आली तेव्हा कळलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड आहे. एका दंडात कित्येक महिन्यांची इंधनाची बचत साफ.

कागदावर आणखी एक आकडा बघायचा, जीव्हीडब्ल्यू, म्हणजे गाडी आणि माल मिळून एकूण वजन. तो ३,००० किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. छोट्या गाड्यांचा हा मोठा फायदा आहे. दीड-पावणेदोन टनी गाडी घेताना ही रेघ ओलांडली जाते का, ते आधी बघा.

सीएनजी: भावापेक्षा पंप किती लांब

सीएनजी किलोवर मिळतो आणि डिझेल लिटरवर. एक किलो सीएनजीत एक लिटर डिझेलपेक्षा ऊर्जा जास्त असते, म्हणून किलोमागे किलोमीटरही जास्त दिसतात. तेव्हा “त्याचा अॅव्हरेज जास्त” एवढ्यावर भुलू नका, किलोमीटरचा खर्च काढा. समजा डिझेल ९२ रुपये लिटर आणि सीएनजीही ९२ रुपये किलो. भरलेली-रिकामी मिळून डिझेल गाडी १२.५ देते आणि सीएनजी गाडी १६.५. किलोमीटरला डिझेलचे ७ रुपये ३६ पैसे, सीएनजीचे ५ रुपये ५८ पैसे. महिन्याला २,००० किलोमीटर चाललात तर साधारण ३,५६० रुपये वाचले.

इथवर सेल्समनही सांगतो. पुढचं तुम्ही स्वतः करायचं. पंप गावापासून १४ किलोमीटरवर असेल आणि तुमच्या वाटेवर नसेल, तर दर भरण्याला २८ किलोमीटर फुकट. टाकीत १४ किलो गॅस बसत असेल तर एका भरण्यात २३० किलोमीटर, म्हणजे महिन्याला नऊ फेऱ्या. २५० किलोमीटर हे झाले नुसते गॅस आणण्याचे, खर्च १,४०० रुपये. बचत राहिली २,१५० च्या आसपास. वर रांगेत गेलेला वेळ. कटाईच्या दिवशी मजूर बांधावर बसलेत आणि गाडी गॅसच्या रांगेत, हे चित्र ज्याने पाहिलंय त्याला त्या वेळेची किंमत सांगायला नको. याच हिशेबात तुमच्या पंपाचे भाव आणि तुमच्या वहीतले किलोमीटर घाला. पंप जाण्यायेण्याच्या वाटेवरच असेल तर पारडं सरळ सीएनजीकडे झुकतं.

पंपावर जाऊन एक गोष्ट विचारा: गॅस पाइपलाइनने येतो की ट्रकवरच्या सिलिंडरांतून? ट्रकने येत असेल तर साठा संपत आला की दाब पडतो आणि टाकी अर्धीमुर्धी भरते. त्यात आपला उन्हाळा. टाकीचा दाब २०० बारला बांधलेला असतो आणि तापलेला गॅस पसरतो, त्यामुळे त्याच दाबाला वजनाने कमी गॅस बसतो. मे महिन्यात भुसावळला पारा ४४-४५ वर असताना दुपारी दोनला भरलेली टाकी आणि पहाटे पाचला भरलेली टाकी यांत फरक पडतो तो याचमुळे. त्यात पंपवाल्याची लबाडी नसते. आमच्याकडचे सीएनजीवाले उन्हाळ्यात पहाटेच रांग लावतात.

सीएनजी इंजिनाची ओढ त्याच आकाराच्या डिझेलपेक्षा कमी असते, खालच्या वेगात तर जास्तच जाणवते. नांगरटीतून भरलेली गाडी बाहेर काढताना क्लच घासून काढायची सवय लागते आणि मग क्लच प्लेटचा खर्च येतो. बाय-फ्युएल गाडी असेल तर अशा वेळी पेट्रोलवर टाकायची. मात्र पेट्रोलची टाकी किती लिटरची ते बघा. काही गाड्यांना ती पाच लिटरचीच असते, नुसती अडीअडचणीला.

जुन्या गाडीला बाहेरून किट बसवायचा विचार असेल तर मान्यताप्राप्त किट, आरटीओकडून आरसीवर नोंद आणि विमा कंपनीला कळवणं, या तिन्हींपैकी एकही टाळू नका. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करावी लागते. ती तारीख सिलिंडरच्या पट्टीवर कोरलेली असते.

डिझेल: दमदार, पण आता नाजूकही

लांबचा पल्ला, पूर्ण भार, घाट आणि शेतरस्ता यांत माझं मत अजून डिझेललाच. धुळ्याहून सुरतेकडे जाताना कोंडाईबारी, चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट, शिरपूरच्या पुढे बिजासन. भरल्या गाडीने असे घाट आठवड्यातून दोनदा चढायचे असतील तर बाकीची चर्चा सोडा. डिझेल कुठल्याही फाट्यावर मिळतं, मेकॅनिक कुठल्याही गावात मिळतो, आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक दारात येतं.

पण १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमांच्या) डिझेल गाड्यांना जुन्या गाड्यांसारखं वापरता येत नाही. हे मी पदरचे पैसे घालून शिकलो. एका कांदेबागेच्या हंगामात माझी नवी गाडी फक्त शेत ते पॅकिंगची शेड, सहा किलोमीटर, एवढंच करत होती. दिवसाला आठ-दहा खेपा, दर वेळी इंजिन बंद. तिसऱ्या आठवड्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. ड्रायव्हर म्हणाला, “दिवा काय, लागतो.” मीही मान डोलावली. चार दिवसांनी गाडी ओढेनाशी झाली, चाळीसच्या वर जाईना. वर्कशॉपमध्ये कळलं की धुराच्या नळीतला काजळीचा फिल्टर, डीपीएफ, पार चोंदला होता. तो फिल्टर स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी इंजिन चांगलं तापून गाडी काही वेळ सलग पळावी लागते. सहा किलोमीटरच्या खेपेत ती कधी तापलीच नव्हती. लॅपटॉप लावून सफाई करावी लागली आणि दोन दिवस गाडी उभी राहिली ती वेगळीच.

तेव्हापासून कटाईच्या दिवसांतही आठवड्यातून एकदा गाडी महामार्गावर नेऊन अर्धा तास एका चालीत साठ-सत्तरने पळवतो. सफाई चालू असताना मध्येच इंजिन बंद करायचं नाही, हे ड्रायव्हरला दोनदा बजावून ठेवलंय. फिल्टर कापून नुसता पाइप टाकून देणारे कारागीर भेटतात. त्यांच्या नादी लागू नका, ते बेकायदेशीर आहे आणि फिटनेसला अडकतं.

म्हणजे वहीत सगळ्या खेपा पाच-सात किलोमीटरच्याच निघाल्या, तर डिझेल तुमच्यासाठी नाही. मग सीएनजी किंवा पुढची.

डिझेलच्या वयाची भीती बरेच जण घालतात. दहा वर्षांचा तो नियम दिल्ली-एनसीआरमधला आहे, आपल्या एमएच-१९, १८, ३९ ला (जळगाव, धुळे, नंदुरबार) नाही.

इलेक्ट्रिक

रोजचं अंतर ठरलेलं, रात्री गाडी घरी, थांबे भरपूर: दूध, ब्रेड, पाण्याचे जार, पार्सल. अशा कामाला इलेक्ट्रिक सरस. हायब्रिडसारखीच ती ब्रेकमधून वीज परत घेते, आणि तीही इंजिनाशिवाय. टाटाची एस ईव्ही २०२२ मध्ये आली, बॅटरी २१.३ युनिटची, पेलोड ६०० किलो. नंतर एक टनाची आवृत्तीही आली. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर एवढी बॅटरी रिकामीची पूर्ण भरायला सहा-सात तास लागतात. ६०० किलोवालीला कंपनी १५४ किलोमीटरचा पल्ला सांगते. भार आणि ऊन धरून मी त्यातले शंभरच हिशेबात घेईन.

अडचण दोनच, पण मोठ्या. शेतातल्या पंपाच्या लाइनवर आठ तासांची पाळी, तिच्यावर चार्जिंगचा भरवसा नाही. आणि ती जोडणी शेतीच्या दराची, गाडीसाठी वापरायची नसते. घराची लाइन रात्रभर टिकते का, तेही वहीत लिहून ठेवा. दुसरं, केळीचा व्यापारी अचानक “आज बऱ्हाणपूरला टाक” म्हणाला की रोजचं गणित कोलमडतं.

ट्रायल रिकामी नको

शोरूमची ट्रायल म्हणजे रिकामी गाडी, गुळगुळीत रस्ता आणि शेजारी गोड बोलणारा माणूस. तिचा उपयोग एसी बघण्यापुरता. कुठल्याही डीलरला सांगा, माझा माल भरून देतो का? काही तयार होतात. नसेल तर त्याच मॉडेलचा मालक शोधा आणि एक खेप त्याच्यासोबत बसून करा. भाडं द्यावं लागलं तरी द्या.

त्या खेपेत चढावर गाडी थांबवून पुन्हा पहिल्यात उचलायला लावा. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये सोडून इंजिन किती धरतं ते बघा. फाळका उघडून हौद्याची उंची मजुराच्या खांद्याशी मोजा. चार इंच जास्त असली तर ७५ घड चढवणाऱ्याची कंबर तुम्हाला शिव्या घालते. आणि गाडीच्या मालकाला एकच प्रश्न विचारा: मागच्या वर्षात गाडी किती दिवस वर्कशॉपमध्ये होती? अॅव्हरेज सगळेच वाढवून सांगतात. हा आकडा खोटा सांगायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

पैसे आणि कागद

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. इलेक्ट्रिकवर ५ टक्के. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला मालवाहू गाडीवरच्या कराची वजावट मिळते, सीएला बिलाच्या आधी विचारा. जुनं कोटेशन घेऊन भाव करू नका.

हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला ड्रायव्हर ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवू शकतो, यावर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा शिक्कामोर्तब केलंय. फिटनेस पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी.

हप्ता ठरवताना चांगल्या महिन्यावर बेतू नका. केळीचा भाव पडला की लोक माल तोडत नाहीत, भाडं थांबतं, हप्ता थांबत नाही. वहीतल्या सगळ्यात रिकाम्या आठवड्याच्या कमाईवर जो हप्ता बसतो तो घ्या.

ताब्यात घेताना सीएनजी असेल तर सिलिंडरवरची तारीख आणि नंबर कागदाशी जुळवा, स्टेपनी आणि जॅक हाताने बाहेर काढून बघा, हौद्याखाली वाकून पाट्यांचे यू-बोल्ट घट्ट आहेत का ते तपासा. पहिल्या हजार किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळून घ्यायचे.

शेजारच्या पोराची वही मी पाहिली. सावदा, फैजपूर, भुसावळ, किरकोळ दुकानांना पिकलेली केळी. दिवसाला तीसेक थांबे, माल सातशे-आठशे किलोच्या वर नाही, पंप अगदी वाटेवर. त्याला बाय-फ्युएलच योग्य होती आणि त्याने तीच घेतली, फक्त एक टनी. पासिंग होऊन गाडी दारात आली तेव्हा फाळक्यावर पेंटरकडून मोठ्या अक्षरांत लिहून आणलं होतं: ‘हायब्रिड’.